इंगोले डॉक्टरांची भिंत

इंगोले डॉक्टरांच्या शोकसभेत एका वक्त्याने त्यांना ‘मृदुभाषी’ म्हटलं आणि मला असा ठसका लागला की शेजारच्या बाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. दुसरे म्हणाले, डॉक्टरांनी कधी कोणाचं मन दुखावलं नाही. तिसरे माजी नगरसेवक. त्यांनी तर डॉक्टरांना थोर व्यंगचित्रकारच करून टाकलं. अहो, तो माणूस जन्मभर दुसऱ्यांची चित्रं गोळा करत होता. त्याने स्वतः बैल काढला असता तर त्याचं डुक्कर झालं असतं. पण माइक हातात आला की कोण थांबतंय! अकोल्याच्या त्या हॉलमध्ये बसून मी एकच विचार करत होते. डॉक्टर असते तर ही भाषणं त्यांनी एकेक करून खिळ्याला टांगली असती आणि खाली बोलणाऱ्याचं नाव लिहिलं असतं.

खरंच लिहिलं असतं. जठारपेठेत एका कापड दुकानाच्या वर त्यांचा दातांचा दवाखाना होता. बाहेरच्या खोलीत पेशंटसाठी दोन बाकडी आणि बाकड्यांसमोर ती भिंत. इतर डॉक्टरांच्या भिंतीवर गुटगुटीत बाळं असतात, गणपती असतात. इथे फ्रेम केलेल्या चित्रपट्ट्या होत्या. वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकोनांची गंमत येते ना, तिची चित्रकाराने हाताने काढलेली मूळ चित्रं. म्हणजे मूळ आहेत असं सांगून कोणीतरी कोणाच्या तरी गळ्यात मारलेली. प्रत्येक फ्रेमखाली पांढरी पाटी, आणि तिच्यावर फसलेल्या माणसाचं नाव, गाव आणि कारण. वरच्या ओळीत डावीकडे ‘अमरावतीच्या प्राध्यापक बाई’ होत्या, कारण ‘निळी पेन्सिल नाही’. त्या बाई म्हणजे मी.

नियम डॉक्टरांनीच केलेला. रविवारी सकाळी दवाखाना बंद असे. तेव्हा कोणीही चित्र घेऊन यावं, डॉक्टर फुकट तपासून देणार. खरं निघालं तर घेऊन जा. खोटं निघालं तर ते इथेच राहील, तुमच्या नावासकट.

“घरी नेऊन तुमी काय कराल? दुसऱ्याले विकाल. अन् तो पुन्हा माह्याकडेच घेऊन येईन,” असं त्यांचं म्हणणं.

हे बरोबर होतं, आणि बरोबर असून हलकट होतं. चित्र ठेवून घ्या, पण नाव कशाला लिहायचं? तरी लोक यायचे. मूळ चित्रपट्ट्या गोळा करणारी आमची जमात मूठभर, आणि त्या मुठीत शहाणं कोणी नाही. अपमान होणार हे पक्कं ठाऊक असताना माणसं नागपूर, यवतमाळहून गाडी करून यायची, बाकड्यावर मांडीवर पाकीट घेऊन बसायची आणि आत नंबर लागायची वाट पाहायची. दाढ काढायला आल्यासारखेच चेहरे असत सगळ्यांचे.

मी पहिल्यांदा गेले ती फार तोऱ्यात. पुण्याच्या एका विक्रेत्याकडून घेतलेलं चित्र होतं, मखमली कापडात गुंडाळलेलं. डॉक्टरांनी कापड दोन बोटांनी बाजूला केलं आणि चित्र पेशंटच्या खुर्चीला जोडलेल्या ट्रेवर ठेवलं. मोठा दिवा खाली ओढला, डोळ्यांना भिंग लावलं. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मॅडम, याच्या खाली काहीच नाही.”

“खाली म्हणजे?”

मग त्यांनी सांगितलं. चित्रकार आधी फिक्या निळ्या पेन्सिलीने आखून घ्यायचे आणि वरून काळ्या शाईने काढायचे. छापखान्याच्या कॅमेऱ्याला निळं दिसत नसे, त्यामुळे खोडायची गरज नव्हती. मूळ चित्रात ते निळं अजून असतं. नक्कल करणाऱ्यापुढे मात्र छापलेला पेपर असतो, त्याला फक्त काळं दिसतं, म्हणून तो फक्त काळं काढतो.

“अन् रेघ पाहा कशी भेत-भेत चालून राहिली. परीक्षेत दुसरीच्या पेपरात पाहून लिहिते ना पोरगी, तशी.” मग हातमोजे काढता काढता म्हणाले, “खोटे दात अन् खोटं चित्र, दोन्ही लय सुंदर असते. खऱ्यात खोडाखोड असते.”

मी तोंड बंद करून परत आले. विक्रेत्याचा राग यायला पाहिजे होता, आला डॉक्टरांचा.

बरं, पाणी तरी विचारावं! नाही. चित्रावर सांडतं म्हणून त्या खोलीत पाणी बंद. स्वतः मात्र कोपऱ्यात उभं राहून बशीतून फुर्र फुर्र चहा प्यायचे आणि आपण पाहत बसायचं. कौतुकाचा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. फार खूश झाले तर म्हणत, “असू शकते.” एवढ्या ‘असू शकते’साठी म्हातारी माणसं डोळ्यांत पाणी आणायची. रस्त्यात भेटले तर नमस्काराच्या आधी आपल्या तोंडाकडे पाहायचे. एकदा भर लग्नात, मी नवरीला आहेर देत असताना, शेजारून आवाज आला, “मॅडम, डावीकडची दाढ गेली तुमची. सोमवारी या.” फोटोग्राफर हसला, नवरीही हसली. सोमवारी मी गेले, कारण दाढ खरंच गेली होती.

त्यांचा एक किस्सा मात्र मी आवडीने सांगते. अमरावतीचे एक क्लासवाले सर होते. घरभर काचेच्या शोकेस, त्यात स्वतःचे सत्काराचे फोटो. त्यांनी जुनी चित्रपट्टी मिळवली होती, कागद छान पिवळा पडलेला. चार लोकांना घेऊन आले, त्यातला एक व्हिडिओ काढायला. डॉक्टरांनी दिवा लावला नाही की भिंग लावलं नाही. कागद उचलून नाकाला लावला.

“सर, तुमाले कोणता चहा आवडते?”

“साधाच. का हो?”

“याले वेलचीचा आवडत होता. चहात बुडवून जुना केलाय कागद. वेलची टाकाची काय गरज होती त्याले, काय माहीत.”

व्हिडिओ काढणाऱ्याने फोन खिशात टाकला. पाटीवर कारण लिहिलं गेलं, ‘वेलची’. पुढे कितीतरी दिवस बाकड्यावर बसलेल्या बायका ती पाटी वाचून एकमेकींना विचारायच्या की दातदुखीवर इथे वेलची देतात का. सरांचं मला जराही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

वाईट वाटलं ते वामनराव मोहोडांचं.

वामनराव एस.टी.तून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले, अमरावतीत माझ्याच कॉलनीत राहायचे. बोलायला बसले की आवरत नसत. त्यांच्या गोष्टींत चिखलदऱ्याच्या घाटात ब्रेक फेल झालेली बस त्यांनी नुसत्या शिट्टीवर थांबवलेली असे, आणि एका मंत्र्याला तिकिटाच्या रांगेत उभं केलेलं असे. दर वेळी बस जास्त भरलेली आणि मंत्री जास्त मोठा. कॉलनीत कोणी ते मनावर घेत नसे. पण एक गोष्ट ते कायम सारखीच सांगत. तिच्यात कधी मंत्री शिरला नाही.

ती गोष्ट ‘फटफटे मामा’ या चित्रपट्टीची. अमरावतीच्या एका दैनिकात ती रोज यायची. ते दैनिक केव्हाच बंद पडलं. चित्रकार गोविंदराव टवलारे, अंजनगाव सुर्जीचे, तेही केव्हाच गेले. घरचा व्यवसाय केळीची बाग आणि पानमळा, चित्रं उरलेल्या वेळात. वामनराव तेव्हा अंजनगावच्या स्टँडवर होते. टवलारे चित्रांचं पाकीट घेऊन स्टँडवर यायचे, वामनराव ते अमरावतीच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे द्यायचे, आणि मामा वेळेवर छापून यायचा. या मैत्रीपोटी टवलाऱ्यांनी एकदा त्यांना घरी जेवायला बोलावलं आणि जेवण झाल्यावर स्वतःच्या हाताने एक चित्र दिलं.

चित्रही साधंसुधं नाही. या मामाची फटफटी कधीच सुरू होत नसे. त्या एका दिवशी झाली, आणि मामाला खाली टाकून एकटीच निघून गेली! शेवटच्या चौकोनात मामा रस्त्यात बसलेले आणि मिशी अर्धीच. अर्धी मिशी फटफटीबरोबर गेली, असं समजून लोक पोट धरून हसले होते.

गंमत अशी की ते मूळ चित्र इंगोले डॉक्टरांकडे होतं. दैनिक बंद पडलं तेव्हा त्यांनी ते रद्दीतून सोडवलं होतं आणि आतल्या खोलीत स्वतःच्या खुर्चीमागे लावलं होतं. त्यात मामाची मिशी पूर्ण होती. छापायचा जस्ताचा ठसा नेमका तिथे फुटला म्हणून पेपरात मिशी अर्धी उमटली. म्हणजे अर्ध्या मिशीचा विनोद टवलाऱ्यांनी केलेलाच नव्हता. हे डॉक्टर ज्याला त्याला सांगत, आणि आपणच ठसा फोडल्यासारखे खूश होत.

आमच्या संग्राहकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी वामनरावांच्या चित्राबद्दल शंका काढली. वामनराव भडकले.

“चला अकोल्याले! त्या इंगोलेच्या तोंडून वदवून घेतो.”

नियम त्यांना ठाऊक होता. पण आपलं चित्र खरं आहे म्हटल्यावर नियमाला कोण भितो? मी त्यांना गाडीतून नेलं. वाटभर ते गात होते.

त्या रविवारी खोली गच्च भरलेली. डॉक्टरांनी दिवा खाली ओढला आणि लगेच वर ढकलला.

“अर्धी मिशी.”

“तेच तं! तेच चित्र होय ते,” वामनराव म्हणाले.

“वामनराव, खऱ्यात मिशी पुरी आहे. माह्या खुर्चीमांगं पाहा, भिंतीवर आहे. ज्याच्यासमोर छापलेला पेपर होता त्यानंच हे काढलं. निळी पेन्सिल नाही, खोडाखोड नाही. नक्कल आहे.”

“टवलारेनं देल्लं मले. त्याच्या घरी जेवलो मी त्या दिवशी.”

“मंग टवलारेनं तुमाले फसवलं. नाही तं तुमी आमाले फसवून राहिले.”

मागून कोणीतरी विचारलं, “मंत्र्याले रांगेत उभं केलं ते हेच ना?” आणि सगळी खोली हसली. मी म्हटलं, “डॉक्टर, चित्र ठेवा हवं तर, पण नाव लिहू नका.” ते म्हणाले, “नियम सगळ्याले एक. तुमचं नाव नाही काय तिथं?” आणि त्यांनी सुंदर अक्षरात पाटी लिहिली: ‘वामनराव मोहोड, अमरावती. छापील चित्रावरून नक्कल.’ मग पेन पुन्हा उघडलं आणि खाली जोडलं, ‘गोष्टही.’

तो शब्द कशाला? काय गरज होती? मला आजही तो आठवला की कानशिलं तापतात. चित्राचा निकाल लावा ना, तुमचा अधिकार आहे. माणसाच्या गोष्टीला भिंग लावायला तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

परत येताना वामनराव रिकामं पाकीट मांडीवर घेऊन बसले होते. पाटीचा फोटो आमच्या आधी कॉलनीत पोचला होता. चहाच्या टपरीवर पोरंसोरं विचारू लागली, “काय कंट्रोलर साहेब, मिशी कुठं गेली?” वामनरावांनी टपरी सोडली. मग गोष्टी सांगणंच सोडलं. घाटातली बस गेली, मंत्री गेला. त्यांची बायको मला म्हणाली, “आता घरात टीव्हीचाच आवाज असते. पह्यले कटकट वाटे, आता तेच नाही.” डॉक्टरांशी मी बोलणं टाकलं.

आणि काही महिन्यांनी डॉक्टरांचाच फोन. टवलाऱ्यांच्या घरी जुनी चित्रं आहेत असं कळलं होतं आणि अंजनगावात माझी मावशी असल्याने मला घरं माहीत होती. मी अकोल्याला जाऊन त्यांच्या गाडीत बसले. चित्रांचा लोभ मलाही आहे, उगाच कशाला सोज्वळपणा!

टवलाऱ्यांच्या पत्नी सुशीलाबाई ओसरीवर केळीच्या पानांचे गठ्ठे बांधत बसल्या होत्या. आम्ही आत गेलो आणि डॉक्टर दारातच थबकले. टीव्हीच्या वर तीच पट्टी होती. अर्धी मिशी.

“हे कोणी काढलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“कोण काढन? यायनंच काढलं.”

“पेपरात पाहून?”

“मंग? पेपरवाले मूळ चित्र वापस कुठं देत. कोणी मांगितलं की कातरण समोर ठेवत अन् पुन्हा काढून देत. पह्यल्यांदा पुरी मिशी काढून देल्ली तं तो माणूस म्हणे, गोविंदराव, हे ते नव्हेच. आमाले अर्ध्या मिशीवालं पाहिजे. तवापासून अर्धीच काढत. सोताच हासत बसत.”

“निळी पेन्सिल नाही याले,” डॉक्टर म्हणाले. भिंग लावून ते पट्टीला नाक टेकवून उभे होते.

“निळी कायले? हे कुठं छापाले जाणार होतं?”

डॉक्टरांनी भिंग काढलं, चष्मा काढला, तो शर्टाला पुसत राहिले. मग विचारलं, “मोहोड कंट्रोलरले देल्लं होतं काय एक?”

“त्यायले तं घरी बोलावून देल्लं. पुरणपोळी केली होती मी. लय बोलत तो माणूस. बरा आहे ना?”

मीच म्हटलं, बरे आहेत.

परतीच्या वाटेवर मी वाट पाहत होते की हा माणूस आता सुटका कशी करून घेतो, आणि त्याने निराशा केली नाही. अकोटपर्यंत त्यांचं चालू होतं. छापलेलं मूळ ते एकच, हे नंतरचं; म्हणजे शास्त्राप्रमाणे ही नक्कलच; चित्रकाराने स्वतः केलेली असली तरी नक्कल; आपला निकाल तसा चुकलेला नाही. मी खिडकीबाहेर पाहत होते. मनात म्हटलं, बोला, बोला, तुमच्या शास्त्राला लागो आग. अकोट मागे पडलं. मग म्हणाले, “मॅडम, चित्राचं जाऊ द्या. मी माणसाले खोटं म्हटलं.”

इतक्या वर्षांत त्या माणसाचा मला पहिल्यांदा आदर वाटला. अगदी थोडा, पण वाटला.

दुसऱ्याच दिवशी दवाखाना बंद ठेवून ते अमरावतीला आले आणि मला सोबत घेऊन वामनरावांकडे गेले. पेशंटच्या गळ्यात बांधायच्या हिरव्या कापडात चित्र गुंडाळलेलं. वामनराव अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. त्यांनी ‘या’ म्हटलं, ‘बसा’ म्हटलं नाही.

“तुमचं चित्र आणलं,” डॉक्टर म्हणाले.

“माह्यं खरं होतं. हे तं खोटं आहे म्हणे.”

“चुकलो मी. टवलारेच्या घरी जाऊन आलो. तुमची गोष्ट खरी आहे.”

“मले माहीत आहे ते. मले कायले सांगता?”

“मंग रविवारी सगळ्याले बोलावतो, सगळ्यासमोर माफी मांगतो.”

“ते कलेक्शनवाले मेले तरी मले फरक पडत नाही.” वामनरावांनी बादली खाली ठेवली. “तुमच्या बाकड्यावर रोज जे लोकं बसतात, त्यायनं वाचलं माह्यं नाव. ज्यायची माह्यी ओळख नाही, पाळख नाही. हे तिथंच लावा, त्याच खिळ्याले. पाटी लावू नका. कोणी विचारलं तं तोंडानं सांगा. लिहून नाही, तोंडानं. मी मरेपर्यंत.”

“अन् मी पह्यले मेलो तं?”

“तं सुटले.”

गाडीत बसताना डॉक्टर पुटपुटले, “लय खोडीचा म्हातारा आहे.” पण चित्राचं कापड त्यांनी पुन्हा नीट बांधून घेतलं होतं.

वामनरावांच्या गोष्टी हळूहळू परत आल्या. टपरीवर परवा मंत्र्याच्या जागी मुख्यमंत्री उभा होता रांगेत. शेवटी डॉक्टरच आधी सुटले.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते ते जायच्या थोडं आधी, दाढेचं कव्हर निघालं म्हणून गेले होते तेव्हा. बाकड्यावर माझ्याशेजारी एक शेतकरी बाई गाल धरून बसल्या होत्या, नवरा सोबत. नवऱ्याने सगळ्या पाट्या वाचून काढल्या, वेलचीपाशी जरा अडखळला, आणि मग त्याला ते एक बिनपाटीचं चित्र दिसलं. पाटी नसेल तर माणूस विचारणारच. म्हाताऱ्याने ते बरोबर ओळखलं होतं. डॉक्टर बाईंना आत न्यायला दारात आले. वाळलेले, वाकलेले, तोंडावर मास्क.

“डॉक्टर साहेब, बाकी सगळे खोटे, मंग हे कोणतं?”

“हे खरं आहे. अमरावतीच्या मोहोड कंट्रोलरचं. ज्यानं काढलं त्यानं घरी जेवू घालून देल्लं त्यायले. इथं एक भैताड डॉक्टर होता, त्याले समजलं नाही. त्यानं त्या माणसालेच खोटं म्हटलं.”

“अरे बाप्पा,” नवरा म्हणाला. “मंग त्या डॉक्टरचं काय झालं?”

इंगोले डॉक्टरांनी बाईंना आत खुर्चीवर बसवलं आणि दिवा खाली ओढला.

“काय होते त्याले? दात काढते. चला बाई, उघडा तोंड.”